खोटी फिर्याद आणि खरा उपाय

शेतकऱ्याच्या घराला दोन कागदांची धास्ती असते. एक थकबाकीचा आणि दुसरा कोर्टाचा. थकबाकीची नोटीस आली तर घरांतलीं माणसें एकत्र बसून पैसे कोठून उभे करावे याचा विचार करतात. पण सुनेनें केलेल्या फिर्यादीचा कागद आला म्हणजे एका घराचीं दोन घरें होतात, गांवांत दोन तट पडतात आणि जो तो सल्ला देण्यास पुढें सरसावतो. कोणी म्हणतो, "पोरीला चांगला धडा शिकवा." कोणी म्हणतो, "कोर्टांत जाऊंच नका, काय करतात तें बघूं." तिसरा म्हणतो, "हा कायदाच वाईट, तो रद्द झाला पाहिजे." सल्ला देणाराचें कांहीं जात नाहीं, ऐकणाराची मात्र बैलजोडी जाते, कधीं विहिरीजवळची अर्धा एकर जमीन जाते. सोनईच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून असे कागद वाचून घेण्यास लोक शाळेंत येतात. त्यांना जें तोंडीं सांगावें लागतें, तें एकदां नीट लिहून ठेवावें म्हणून हा लेख.

प्रश्न असा आहे. नवऱ्यावर व सासरच्या मंडळींवर छळाची फिर्याद झाली. ती खोटी आहे, किंवा एकच गाऱ्हाणें पुन्हां पुन्हां मांडलें जात आहे. तर सरळमार्गी घरानें काय करावें? आमचें उत्तर थोडक्यांत हें कीं, कायद्यांतच याला उपाय आहेत आणि ते पुष्कळ आहेत. पण ते कागद जपल्यानें आणि तारखेस हजर राहिल्यानें मिळतात. हात उगारून किंवा तोंड लपवून मिळत नाहींत.

आधीं हा कायदा कां झाला तें समजून घेऊं. बायकोवर हात टाकणें हा गुन्हा आहे, ही दिल्लीच्या शहाण्यांनीं कालपरवां काढलेली टूम आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं कोल्हापूरकडे पाहावें. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१९ सालींच आपल्या संस्थानांत स्त्रियांस क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. बहुजनांच्या राजाला जें शंभर वर्षांपूर्वीं कळलें, तें देशाच्या कायदेपुस्तकांत यावयास १९८३ साल उजाडावें लागलें. त्या सालीं भारतीय दंडसंहितेंत ४९८-अ हें कलम आलें. १ जुलै २०२४ पासून तेंच भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी आहे. मध्यंतरीं २००५ सालीं कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा निराळा कायदा झाला. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आहे.

हे कायदे उगाच झाले नाहींत. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतल्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकीं शंभरांत सुमारें २५ जणींनीं नवऱ्याच्या हातचा जुलूम सोसल्याचें सांगितलें. साऱ्या देशांतला हिशेब असा कीं, मार खाणाऱ्या शंभर बायकांपैकीं ७७ जणींनीं कोणाजवळ ब्रही काढला नाहीं, आणि मदत मागणाऱ्या निघाल्या अवघ्या १४. म्हणजे खोट्या फिर्यादींची चर्चा आपण पारावर बसून करतों, त्याच वेळीं पारामागच्या घरांत खरी फिर्याद तोंडांत पदर कोंबून बसलेली असते. हें ज्याला दिसत नाहीं, त्याला खोट्या फिर्यादीबद्दल बोलण्याचा अधिकार नाहीं.

पण सुक्याबरोबर ओलेंही जळावें असें न्याय म्हणत नाहीं. खोट्या फिर्यादी होतात, हेंही तितकेंच खरें आहे. आणि त्या बहुधा एकट्या बाईच्या डोक्यांतून निघत नाहींत. तिचा सल निराळाच असतो. नवरा दारू पितो, सासरा वाटणी देत नाहीं, दागिने सासूच्या पेटींत अडकले आहेत, किंवा दोघांचें नुसतें पटत नाहीं. अशा वेळीं कोर्टाच्या आवारांतला एखादा दलाल भेटतो, नाहीं तर माहेरचा एखादा शहाणा मामा उभा राहतो. तो म्हणतो, "ताई, एवढ्यानें केस बसत नाहीं. सगळ्यांचीं नांवें घाल, म्हणजे पैसे लवकर सुटतील." मग सत्तरीची आजेसासू, परगांवीं नांदणारी नणंद, पुण्यास कामाला असलेला दीर, सारे एका ओळींत बसतात. 'सर्वांनीं मिळून शारीरिक व मानसिक छळ केला, माहेराहून पैसे आण म्हणाले,' हीं वाक्यें फिर्यादीमागून फिर्यादींत तींच असतात. छापील लग्नपत्रिकेसारखीं नांवें तेवढीं बदलतात.

न्यायाधीशांना हें दिसत नाहीं असें नाहीं. ८ फेब्रुवारी २०२२ रोजीं बिहारांतून आलेल्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, कोणीं, केव्हां, काय केलें याचा पत्ता नसलेल्या मोघम आरोपांवर नवऱ्याच्या नातेवाइकांस खटल्यांत ओढतां येत नाहीं, आणि त्यांच्यापुरती फिर्याद रद्द केली. १० डिसेंबर २०२४ रोजीं तेलंगणांतल्या प्रकरणांतही तोच न्याय झाला. पण त्याच निकालांत कोर्टानें हेंही बजावलें कीं, जिचा खरोखर छळ झाला तिनें गप्प बसावें असें आमचें म्हणणें नाहीं. दोन्ही वाक्यें एकत्र वाचावीं. आपले पुढारी पहिलें तेवढें वाचून दाखवितात.

आतां उपायांकडे वळूं. पहिल्यानें कागद कोणता तें ओळखा. ठाण्यांतली फिर्याद निराळी आणि २००५ च्या कायद्याखालचा अर्ज निराळा. सोनईच्या ठाण्यांत गुन्हा नोंदला तर तें फौजदारी काम. नेवाशाच्या मॅजिस्ट्रेटकडे कलम १२ खालीं अर्ज झाला, तर त्यांत संरक्षण, राहतें घर, पोटगी, मुलांचा ताबा व भरपाई मागितलेली असते. नुसत्या त्या अर्जावरून कोणाला बेड्या पडत नाहींत. ही फोड न कळल्यामुळें कित्येक भले लोक साधी नोटीस पाहून उसांत जाऊन लपतात.

फौजदारी फिर्याद झाली तर घाबरूं नका. २ जुलै २०१४ रोजीं सुप्रीम कोर्टानें पोलिसांस हुकूम केला कीं, अशा गुन्ह्यांत फिर्याद आली म्हणून लगेच अटक करूं नये. अटकेची गरज काय तें कागदावर लिहावें, आणि गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी. ही नोटीस हल्लीं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमाखालीं निघते. ती आली कीं दिलेल्या दिवशीं जावें, सही करावी आणि नोटिशीची प्रत जपून ठेवावी. नोटीस चुकविणारा मात्र आपल्या पायांनीं अटकेकडे जातो. अटकेचें भय खरेंच असेल तर त्याच संहितेच्या ४८२ व्या कलमाखालीं अटकपूर्व जामीन मागतां येतो. शिवाय तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आंतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीनें, गुन्हा नोंदण्यापूर्वीं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय १७३ व्या कलमांत आहे. त्या चौकशींत आपली बाजू लेखी द्यावी. समजा, फिर्यादींत लिहिलेल्या रात्रीं दीर दुसऱ्या जिल्ह्यांतल्या कारखान्यांत पाळीवर होता. तर तेथल्या हजेरीची नक्कल अर्जाबरोबर जोडावी आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडानें शंभरदां सांगितलेलें वाऱ्यावर जातें, पोच असलेला कागद राहतो.

ज्यांच्यावर नांवापुरता आरोप आहे त्यांना हायकोर्टाचा दरवाजा मोकळा आहे. आपल्या जिल्ह्यासाठीं तें छत्रपति संभाजीनगरचें खंडपीठ. ५२८ व्या कलमाखालीं तेथें फिर्याद रद्द करण्याचा अर्ज करतां येतो. खटला पुढें गेलाच तर आरोप ठेवण्यापूर्वीं खालच्या कोर्टांत दोषमुक्तीची मागणी करतां येते. सासूसासरे व नणंदा यांनीं स्वतःचा अर्ज निराळा करावा. नवऱ्याच्या गाड्याला सगळ्यांनीं आपली दोरी बांधूं नये.

२००५ च्या कायद्याखालचा अर्ज असेल तर पहिली गोष्ट ही कीं, तारखेस गैरहजर राहूं नका. मॅजिस्ट्रेटला कलम २३ खालीं तात्पुरता हुकूम देण्याचा अधिकार आहे आणि प्रसंगीं तो एकतर्फीही देतां येतो. घरीं बसून "खोटें आहे, खोटें आहे" म्हणणाराचें कोर्ट ऐकणार कसें? हजर होऊन परिच्छेदवार उत्तर द्यावें. हुकूम पटला नाहीं तर कलम २९ प्रमाणें ३० दिवसांच्या आंत सेशन्स कोर्टांत अपील करावें. परिस्थिति बदलली, म्हणजे ती पुन्हां नांदावयास आली, किंवा तिला पगाराची नोकरी लागली, तर कलम २५ खालीं हुकूम बदलून किंवा रद्द करून मागतां येतो. पण हुकूम जोंवर उभा आहे तोंवर तो पाळलाच पाहिजे. संरक्षणाचा हुकूम मोडणाराला कलम ३१ प्रमाणें एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. तेथें मग मूळ अर्ज खोटा होता ही सबब चालत नाहीं. असा अर्जच हायकोर्टांत रद्द होऊं शकतो कीं नाहीं, याबद्दल वाद होता. २०१८ सालीं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर येथील पूर्णपीठानें होऊं शकतो असें सांगितलें, आणि १९ मे २०२५ रोजीं सुप्रीम कोर्टानेंही तेंच सांगून पुस्ती जोडली कीं, उघड अन्याय दिसेल तेथेंच हा अधिकार जपून वापरावा.

आतां पुन्हां पुन्हां होणाऱ्या फिर्यादींबद्दल. एकाच घटनेवर दुसरा गुन्हा नोंदतां येत नाहीं, असा सुप्रीम कोर्टाचा २००१ सालचा निकाल आहे. आणि एका गुन्ह्याबद्दल निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हां चालत नाहीं. असें झाल्यास आधींच्या फिर्यादीची व निकालाची नक्कल पुढें ठेवून हरकत घ्यावी. पण येथें एक घोटाळा आपले लोक नेहमीं करतात. पोटगीचा अर्ज, २००५ च्या कायद्याखालचा अर्ज आणि ठाण्यांतली फिर्याद हीं तीन निरनिराळीं कामें आहेत. तीं एकाच वेळीं चाललीं म्हणून त्यांना 'तीनदां तीच तक्रार' म्हणतां येत नाहीं. माहेरच्या गांवीं फिर्याद केली म्हणूनही ती खोटी ठरत नाहीं. छळानें घर सोडावें लागलेल्या बाईला तेथेंही फिर्याद करतां येते असें सुप्रीम कोर्टानें २०१९ सालीं सांगितलें आहे. तसेंच गेल्या वर्षीं मारलें, तडजोड झाली आणि यंदां पुन्हां मारलें, तर ती जुनी तक्रार नव्हे. तो नवा मार आहे. त्याची फिर्याद नवीच होणार.

पैशांचा हिशेब मात्र दोनदां होत नाहीं. आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयांतून वर गेलेल्या एका प्रकरणांत ४ नोव्हेंबर २०२० रोजीं सुप्रीम कोर्टानें साऱ्या देशासाठीं नियम घालून दिले. आधीं कोठें पोटगीचा हुकूम झाला असेल तर तो पुढच्या अर्जांत बाईनें सांगितलाच पाहिजे, आणि तेथें मिळालेली रक्कम येथें वळती करण्याचा विचार कोर्टानें केला पाहिजे. त्याचबरोबर दोघांनींही आपली मिळकत, उत्पन्न व देणें शपथेवर लिहून दिलें पाहिजे. हा नियम खोट्या अर्जाला जसा बांध घालतो, तसा लबाड नवऱ्यालाही घालतो. उसाचें बिल बापाच्या नांवावर, दुधाचा पगार भावाच्या नांवावर आणि कोर्टांत म्हणे मी बेकार! असा माणूस बायकोला खोटी म्हणतो तेव्हां हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं.

खोटें बोलणाऱ्याला शिक्षा आहे काय? आहे. अधिकाऱ्याला जाणून खोटी खबर देणें हा न्याय संहितेच्या २१७ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. इजा करण्याच्या हेतूनें खोटा फौजदारी आरोप करणें २४८ व्या कलमांत येतें. कोर्टापुढें खोटा पुरावा देणें २२९ व्या कलमांत येतें, आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. शपथेवर खोटें सांगितल्याचें कागदावरून दिसत असेल, तर त्याच कोर्टांत नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७९ व्या कलमाखालीं चौकशीचा अर्ज द्यावा लागतो. आरोपाला कांहींच आधार नव्हता असें मॅजिस्ट्रेटला आढळलें, तर २७३ व्या कलमाप्रमाणें तो फिर्यादीकडून भरपाई देववूं शकतो. द्वेषानें खटला केल्याबद्दल दिवाणी दावाही आहे. पण तो सुटकेपासून एका वर्षाच्या आंत लावावा लागतो. आणि खोटी छळाची फिर्याद ही स्वतःच क्रूरता असून घटस्फोटाला कारण होते, असें सुप्रीम कोर्टानें नोव्हेंबर २०१४ मध्यें म्हटलें आहे.

पण बंधूंनो, सुटका झाली म्हणजे फिर्याद खोटी ठरली असें समजूं नका. साक्षीदार उलटतात, तडजोडी होतात, बाप दमतो, बाई थकते. असे आरोपी रोज सुटतात. फिर्याद करणारीला ती खोटी असल्याचें ठाऊक होतें, हें तुम्हांला सिद्ध करावें लागेल. तेवढा पुरावा असेल तर जरूर पुढें जा. नसेल तर सुडापोटीं उलटी फिर्याद करूं नका. तुम्ही केलेली खोटी फिर्यादही याच कलमांत बसते.

घरीं काय करावें तेंही सांगतों. लग्नांत काय दिलें-घेतलें त्याची यादी दोन्ही घरांनीं सही करून ठेवावी. सुनेचे दागिने व भांडीं परत केलीं तर पंचांसमक्ष पावती घ्यावी. दवाखान्याचे कागद, बँकेंतून पाठविलेले पैसे, शाळेची फी यांचे पुरावे एका पिशवींत ठेवावे. मोबाईलवरचे निरोप पुसूं नयेत, मोबाईलही बदलूं नये. पैशांसाठीं धमकी आली तर त्याच आठवड्यांत तारीख घालून लेखी अर्ज द्यावा. लेकरूं हिसकावून आणूं नये. तिच्या माहेरच्या दारांत दहा माणसें घेऊन जाऊं नये. तुम्ही गेलांत समजूत घालायला, पण कागदावर तो हल्ला होतो. गांवकीनें तडजोड केली तर ती मध्यस्थी केंद्रांत किंवा लोकअदालतींत लिहून घ्यावी. 'तिनें तक्रार मागें घेतली' हें पारावरचें बोलणें आहे. कोर्टाचा हुकूम हातांत पडेपर्यंत काम संपलेलें नसतें.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका विधि सेवा समितीकडे जावें. स्त्रियांना तेथें उत्पन्नाची अट न ठेवतां फुकट वकील मिळतो, अनुसूचित जातिजमातींनाही मिळतो, आणि बाकीच्या गरिबांना उत्पन्नाच्या मर्यादेंत मिळतो. १५१०० या क्रमांकावर विचारपूस करतां येते. संकटांतल्या बाईसाठीं १८१ हा क्रमांक आहे. गहाणखत लिहिण्याच्या आधीं हे दोन आंकडे भिंतीवर लिहून ठेवा.

आमच्या भगिनींना एक विनंति आहे. तुमच्या अंगावर वळ असतील तर ते लपवूं नका, ठाण्यांत जा, दवाखान्यांत जा. आम्ही तुमच्या बाजूचे आहों. पण दुसऱ्यानें लिहिलेला कागद वाचून घेतल्याशिवाय त्यावर सही किंवा आंगठा करूं नका. ज्यानें मारलें त्याचें नांव घाला, ज्या दिवशीं मारलें ती तारीख घाला. जिनें तुम्हांला लपवून भाकरी दिली त्या जावेचें नांव दलालाच्या सांगण्यावरून घालूं नका. दुधाच्या घागरींत मिठाचा एक खडा पडला तरी सगळें दूध नासतें. फिर्यादींतलीं नऊ वाक्यें खरीं आणि एक खोटें असलें, तर समोरचा वकील तें एकच धरून बसतो, आणि तुमचे खरे वळही खोटे ठरवून दाखवितो. त्याचें नुकसान तुमच्यापाशीं थांबत नाहीं. पुढच्या वेळीं शेजारची पोर रक्ताळलेलें डोकें घेऊन ठाण्यांत गेली, तर तिच्याकडेही संशयानेंच पाहिलें जातें.

आणि नवरेमंडळींना एवढेंच सांगणें आहे. खोट्या फिर्यादीवरचा पहिला उपाय वकिलाकडे नाहीं, तुमच्या घरांत आहे. ज्या घरांत सुनेचे दागिने सुनेच्या हातीं आहेत, जेथें संध्याकाळीं बाटली येत नाहीं, जेथें रागावलेल्या बाईचें ऐकून घेणारें एक तरी वडीलधारें माणूस आहे, त्या घराविरुद्ध खोटें लिहवून घेणें दलालाला जड जातें. शेजारीच उद्यां साक्षीस उभे राहतात. पण ज्या घराच्या भिंतींतून रोज रडण्याचा आवाज गेला, त्याच्यावर एक फिर्याद खोटी झाली तरी शेजारी म्हणतात, "असेल बुवा." ही 'असेल बुवा' कोणत्याही कोर्टांत रद्द करून मिळत नाहीं.

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ज्या समाजाचा पाया घातला त्याच्या नांवांतच सत्याचा शोध आहे. तो शोध भटाच्या पोथींत जसा घ्यायचा, तसाच आपल्या माजघरांतही घ्यायचा असतो. खरें असेल तें बाईनें न भितां सांगावें, खोटें असेल तें पुरुषानें न भितां कोर्टांत खोडावें, आणि गांवानें दोघांनाही कोर्टाच्या पायरीपर्यंत सुखरूप जाऊं द्यावें.